पुनवेचा घास

“मला काय धाड भरलीय?” असं छाती काढून विचारणाऱ्यांनी जेवढी जंगलं ओस पाडली, तेवढी वणव्यांनीही पाडली नसतील. वणवा निदान येताना दिसतो. हे मात्र शेजारीच राहतात, हसून बोलतात, आणि शेजाऱ्याचं मूल तापाने फणफणलं की म्हणतात, “अरेरे! पण त्यात आमचा काय संबंध?” बालमित्रांनो, त्यांची नावं सांगायची गरज नाही. गोष्ट ऐका, तुम्हीच ओळखाल.

सह्याद्रीच्या एका उतारावर दाट जंगल होतं. तिथे एका उन्मळून पडलेल्या झाडाच्या ढोलीत एक पिसोरी राहत असे. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. शिंगं नाहीत, पाय काडीसारखे, अंगावर पांढरे ठिपके, आणि भीती मात्र डोंगराएवढी. पान हललं की तिचं काळीज हले. त्यात त्या वर्षी तिला पाडस झालं, आणि काळजीला मग सुमारच राहिला नाही. पाडस झोपलं की ते श्वास घेतंय ना, हे ती नाक लावून बघे. जागं असलं की ते एवढं का धावतंय, म्हणून घाबरे.

त्या जंगलाचा एक जुना नियम होता. पूर्वी केव्हातरी तापाची साथ आली होती. तेव्हा तापाने थोडे मेले आणि भुकेने जास्त. कारण आजारी जनावराला चरायला जाता येत नाही, आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्यालाही पोट असतं. त्यानंतर सर्वांनी मिळून ठरवलं, की दर पुनवेला प्रत्येक घरातून एक घास अस्वलिणीच्या गुहेत गेलाच पाहिजे. ज्याचं जेवढं तोंड, तेवढा घास. खारीचा खारीएवढा, गव्याचा गव्याएवढा. त्या घासांवर गुहेतले आजारी जगत आणि म्हातारी अस्वलीणही जगे. तिला अन्नासाठी वणवण करावी लागत नसे. ती सदा गुहेतच असे. कोणाचा काटा काढ, कोणाच्या जखमेवर दगडीपाल्याचा रस पीळ, कोणाला कडूजहर गुळवेल चार, हेच तिचं काम. सगळं जंगल तिला आजी म्हणे.

नियम चांगला होता. पण नियम राखायला बसवली होती रानकुत्री. पाणवठ्याच्या वाटेवर ती जीभ काढून बसत. ज्याचा घास चुकला, त्याला पुढच्या पुनवेपर्यंत पाणवठा बंद!

पिसोरीचा घास चुकला तो नेमका पाडस जन्मलं त्या पुनवेला. ती पाण्यावर गेली तेव्हा म्होरक्या कुत्र्याने पाय आडवा घातला.

“घास?”

“दादा, बाळंतीण आहे हो मी. उठताही येत नव्हतं.”

“बाळंतीण असो नाहीतर राणी असो. घास नाही, तर पाणी नाही. चल, वाट सोड.”

रानकेळीची खोडं चावून पिसोरीने दिवस काढले. अंगावरचं दूध आटलं. पाडस कोरडी आचळं ओढून ओढून रडे, आणि ती त्याच्या अंगावरून जीभ फिरवत राही. तहान तिने सहन केली. ते रडणं मात्र ती विसरली नाही.

त्याच उन्हाळ्यात कोल्ह्याने सभा बोलावली. नदीकाठच्या कातळावर सगळे जमले. अस्वलीण आली नाही. तिच्याकडे एक वानर पाय मोडून पडलं होतं. आजारी कोणीच आले नाहीत. आजारी सभेला येत नसतातच, आणि त्यांच्याविषयीचे निर्णय मात्र सभेत होतात.

कोल्हा कातळावर चढला. “मंडळी, घास देऊ नका असं मी म्हणतोय का? मुळीच नाही! द्या, पोटभर द्या. पण मनापासून द्या. पाण्यावर कुत्री बसवून घेतलेला घास हा घास नव्हे, ती खंडणी आहे खंडणी! गवेकाका, तुम्ही सांगा. शेवटचे कधी आजारी पडलात?”

गवा विचारात पडला. त्याला विचार करायला जरा वेळ लागे. “मला शिंकसुद्धा आल्याचं आठवत नाही.”

“ऐका! आणि ह्यांचा एक घास म्हणजे दुसऱ्याचं महिन्याचं जेवण. कोण खातं ते? गुहेत पावसाळ्यापासून पडलेलं ते तरस!”

“ते तर आता घरजावईच झालंय तिथे,” झाडावरून वानर ओरडलं. सगळे हसले.

“आणि ज्याला खरंच जमत नाही त्याचं काय होतं?” कोल्ह्याने आवाज खाली आणला. “ह्या आपल्या पिसोरीबाईंना विचारा. ओल्या बाळंतिणीला पाण्यावरून हाकललं ह्या नियमाने. हाच का तुमचा दयाधर्म?”

सगळ्यांच्या माना पिसोरीकडे वळल्या. तिच्या छातीत काहीतरी भरून आलं. इतक्या दिवसांत तिला कोणी विचारलंच नव्हतं, आणि कोल्हा तिच्यासाठी एवढा बोलत होता. कोल्हा खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. खोटं ओळखू येतं. तो एक खरी गोष्ट सांगून दुसरीच पदरात पाडून घेत होता.

“तर मग नियम हवा की मर्जी?” कोल्ह्याने विचारलं.

ज्या बाजूचा गलका मोठा ती बाजू जिंकणार, अशी त्या जंगलाची रीत होती. “नियम!” असं काही म्हातारी जनावरं म्हणाली. कासव म्हणालं, पण त्याचं म्हणणं होईपर्यंत पुढची आरोळी उठली होती. “मर्जी!” गवा हंबरला, वानरं किंचाळली, रानडुकरं गुरगुरली, आणि जन्मात कधी आवाज न चढवलेली पिसोरी मान वर करून ओरडली, “मर्जी! मर्जी!”

त्या संध्याकाळी ती पाडसाला घेऊन पाणवठ्यावर गेली. वाटेत कुत्री नव्हती. दोघं पोट फुटेस्तोवर पाणी प्याली.

पुढच्या पुनवेला तिने एक पिकलं उंबर तोंडात धरलं आणि गुहेकडे निघाली. वाटेत साळिंदर भेटलं.

“अगं, अजून नेतेस?” ते म्हणालं. “आता कोणी विचारत नाही.”

“मर्जीने नेतेय.”

“ने बाई. तुझं पाडस आजारी आहे का?”

“इडा पिडा टळो! ठणठणीत आहे.”

“मग ज्यांचं दुखतंय त्यांना नेऊ दे. माझा दात ठणकतोय म्हणून मी चाललोय. बरा झालो की बंद!”

पिसोरी तिथेच थबकली. साळिंदराचं बोलणं तिला वावगं वाटलं नाही. काळजी करणाऱ्याला उद्याची भीती असतेच, पण आजचा घास त्याला उद्याहून मोठा दिसतो. पाडस वाढतं होतं, उन्हाळा कडक होता, फळं कमी होती. ‘दुखलंखुपलं तर त्या दिवशी दोन घास नेईन,’ असं म्हणून ती मागे फिरली आणि उंबर तिने पाडसालाच भरवलं.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळं जंगल इथेच फसलं. प्रत्येकाने हाच हिशेब केला. धट्टेकट्टे घरी राहिले. गुहेकडे जाऊ लागले ते फक्त ज्यांचं काही दुखत होतं ते, किंवा ज्यांच्या घरचं कोणी आत पडलेलं होतं ते. खाणारी तोंडं तेवढीच आणि आणणारी मोजकी. तेव्हा अस्वलिणीने मैनेकरवी निरोप धाडला, “जे आणताय त्यांनी दोन दोन घास आणा, बाबांनो. पुरत नाही.” दोन म्हटल्यावर साळिंदर घरी बसलं. दाताचं काय, तो जरा कमी ठणकत होता. मग उरलेल्यांवर तीन आले. तीन म्हटल्यावर चितळांनी तोंड फिरवलं. जो जो गेला त्याचा भार मागे राहिलेल्यांवर पडला, आणि भार वाढला म्हणून आणखी कोणी गेला. शेवटी गुहेत घास नेणारं एक कासवच उरलं, आणि ते ह्या पुनवेला निघालं की पुढच्या पुनवेला पोचे.

कोणी ह्याला वाईट म्हटलं नाही. म्हणायला समोर वाईट असं कोणी दिसतच नव्हतं.

करवंदं पिकली त्या सुमाराची गोष्ट. पिसोरी पाडसाला घेऊन जाळीखाली पडलेली करवंदं वेचत होती. पाडस आत घुसलं आणि एकदम तीन पायांवर उड्या मारत बाहेर आलं. पुढच्या खुरांच्या मधोमध काटा रुतला होता. काटाच तो! जंगलात काटा कोणाला लागत नाही?

“थांब हं, राजा. हलू नकोस.”

पिसोरीने दातांनी काटा धरला आणि ओढला. कट्‌ असा आवाज आला. टोक आतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पाय सुजला. तिसऱ्या दिवशी पाडसाने दूध सोडलं. तिने नाक लावून बघितलं, तर अंग दुपारच्या कातळासारखं तापलं होतं. ती उठली. ढोलीत जेवढी करवंदं होती तेवढी गालांत कोंबली, एक नव्हे, दोन नव्हे, तोंडात मावतील तितके घास, आणि पाडसाला पुढे ढकलत, थांबवत, चाटत, पुन्हा ढकलत गुहेकडे निघाली. वाटेत पाडस दोनदा खाली बसलं. दुसऱ्यांदा ते उठेना, तेव्हा तिचा धीर सुटला. पण रडायला तोंड मोकळं नव्हतं.

गुहेत अंधार होता आणि वास होता तो भुकेचा. कोपऱ्यात तरस पडलं होतं. एवढंसं झालेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं.

पिसोरीने करवंदं जमिनीवर ओतली. “आजी कुठे आहेत? हे बघा, मी घास आणलाय. पुष्कळ आणलाय!”

तरसाने डोळे उघडले. “म्हातारी नाही इथे.”

“नाही म्हणजे?”

“पलीकडच्या डोंगरावर गेलीय, वारुळं उकरायला. पोटाला काय खाणार, बाई? आधी सकाळी जायची आणि दुपारी यायची. जवळची वारुळं संपली. आता जाते ती जातेच.”

“पण माझ्या पाडसाला…”

“दिसतंय मला. निजव इथे. गार आहे.” तरसाने स्वतःची जागा सोडली आणि खुरडत उन्हाच्या बाजूला सरकलं. ज्याला सगळ्यांनी घरजावई म्हणून हसून घेतलं होतं, त्याच्याच गार जागेवर पाडस निजलं. पिसोरीला त्या हसण्यात आपणही सामील होतो हे आठवलं आणि तिने मान खाली घातली.

मग सुरू झालं ते वाट बघणं. पाऊल वाजलं की ती दारात धावे. वारा असे, नाहीतर पाचोळा. पाडसाचा श्वास भरभर चालला होता. मध्येच तो थांबल्यासारखा होई आणि तिचाही थांबे. शेवटी तिला बसवेना. ती पाणवठ्यावर धावत गेली. तिथे गवा डुंबत होता, आणि काठावर कोल्हा अंग चाटत बसला होता.

“गवेकाका, पलीकडच्या डोंगरावर जा हो! तुमचे पाय मोठे आहेत. आजींना घेऊन या. पाडसाचं काही खरं नाही!”

गवा घाईने उठला. जनावर मनाचं वाईट नव्हतं. “जातो की. आत्ता जातो. आणि तिच्यासाठी अख्खी फांदी मोडून आणतो. असं व्हायला नको होतं गं.”

“अरेरे,” कोल्हा म्हणाला. “ऐकून वाईट वाटलं हो, पिसोरीबाई. पण एक सांगू? घास न्यायचा नाही असं कोणी तुम्हाला म्हटलं नव्हतं. मर्जी तुमचीच होती.”

पिसोरीने त्याच्याकडे पाहिलं. तिला पहिल्यांदाच कोल्ह्याची भीती वाटली नाही. “हो,” ती म्हणाली, “माझीच होती.” आणि ती गुहेकडे पळत सुटली.

गवा गेला आणि अस्वलिणीला घेऊन आला. घेऊन आला म्हणजे जवळजवळ ढकलत आणली. म्हातारीची कातडी अंगावर लोंबत होती. तिने पाडसाचा पाय हुंगला आणि दाबला. पाडस विव्हळलं.

“लागला त्या दिवशी आणतीस तर जिभेने काढला असता,” ती म्हणाली. “आता पू आत चढलाय. चिरावं लागेल.”

“मी आणलं असतं हो, पण…” पिसोरी म्हणू लागली. त्या दिवशी आणलं असतं तरी गुहेत कोण होतं?

“चिरून भागणार नाही. रोज पाला बदलावा लागेल, रोज जखम चाटून साफ करावी लागेल. ती भरेपर्यंत मला इथून हलता यायचं नाही.” अस्वलीण धापा टाकत खाली बसली. “आज आहे मी. पण उद्या भूक मला उठवून नेईल गं, मलाच न विचारता.”

गवा चटकन म्हणाला, “मी आणतो ना खायला!”

“आज आणशील. उद्याही आणशील. मग तुला वाटेल, आता बरं झालं असेल. तुझा दोष नाही, बाबा. दया ही पाहुणी आहे. येते, बसते, आणि निघून जाते. मला घरचं माणूस हवंय.”

पिसोरीने मैनेला हाक मारली. “जा, सगळ्यांना सांग. सभा आहे. कातळावर नाही. इथे, गुहेच्या दारात.”

सगळे आले. काही काळजीने, काही गंमत बघायला. गुहेच्या दारात उभं राहिलं की आतलं कण्हणं ऐकू येई, त्यामुळे कोणी मोठ्याने बोलेना. पिसोरी एका दगडावर चढली. दगडावर चढूनही ती रानडुकराच्या कानाएवढीच होत होती.

“मागच्या सभेत मीही मर्जी म्हणून ओरडले होते,” ती म्हणाली. “आज मी नियम मागायला आलेय. प्रत्येक घरचा घास, दर पुनवेला. मर्जी असो वा नसो.”

“वा!” कोल्हा म्हणाला. “आज स्वतःचं पाडस आत आहे म्हणून! पाडस बरं झालं की पुन्हा मर्जी आठवेल.”

“आठवेल!” पिसोरी एकदम म्हणाली. “मला आठवेल, तुम्हाला आठवेल, सगळ्यांनाच आठवेल. बरं असताना सगळ्यांना हेच वाटतं, म्हणून तर नियम हवा. मी चांगली आहे, पण मी घाबरट आहे. माझ्या चांगुलपणावर माझ्याच पाडसाला सोपवू नका!”



“पण माझा घास मोठा पडतो,” गवा कसनुसा होऊन म्हणाला. “तेवढंच माझं म्हणणं.”

“तू पडलास तर तुला चारायलाही मोठाच घास लागेल,” आतून अस्वलीण म्हणाली.

“आणि कुत्री?” कोल्ह्याने शेवटचा फासा टाकला. “म्हणजे पुन्हा पाण्यावर कुत्री बसणार. बाळंतिणींना हाकलणार. हेच हवंय ना तुम्हाला, पिसोरीबाई? तुम्हाला?”

पिसोरीच्या कानांत ते कोरड्या आचळांचं रडणं वाजू लागलं. नियम मागावा तर कुत्री येतात. मर्जी ठेवावी तर गुहा रिकामी होते. सगळे तिच्याकडे बघत होते. कुत्रीही बघत होती.

“त्या दिवशी,” ती सावकाश म्हणाली, “मला तहान लागली होती. पण त्याहून वाईट काय होतं सांगू? घास का नाही आणलास, हे मला कोणीच विचारलं नाही. विचारलं असतं, तर कळलं असतं की मला उठता येत नाहीये. ज्या दिवशी घास चुकला, त्याच दिवशी मला आजींची सगळ्यात जास्त गरज होती.”

गुहेत काहीतरी हललं. अस्वलीण भिंतीला धरून दारात आली.

“पोरी,” ती म्हणाली, “एवढी वर्षं मी नाड्या बघतेय आणि हे मला सुचलं नाही. घास आला नाही, हेच पहिलं लक्षण!” तिने सभेकडे पाहिलं. “कुत्र्यांना पुन्हा पाण्यावर बसवायचं नाही. ज्याच्या घरून घास येणार नाही, त्याच्या घरी ती मला वाट दाखवतील. आजारी असेल त्याला मी औषध देईन. उपाशी असेल त्याला इथला घास नेऊन देईन.”

“आणि जो ठणठणीत असून देणार नाही?” साळिंदराने विचारलं.

“असं कसं होईल? नियम सगळ्यांना माहीत असून घास दिला नाही, म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलंच असणार. त्याला गुळवेलीचा रस. सकाळ-संध्याकाळ. बरा होईपर्यंत.”

वानरांना हसू फुटलं, पण ते तिथेच विरलं. अस्वलीण आत वळली होती. “तुमचं ठरू दे. मला थांबता येत नाही. पाय काळा पडायला लागलाय.”

आणि तिने नखाने खुरामधली सूज चिरली.

पाडस ओरडलं. एवढ्याशा जिवातून एवढा आवाज कसा आला कोणास ठाऊक. ती किंकाळी दारातून बाहेर आली, सभेवरून गेली, समोरच्या कड्यावर आपटली आणि परत आली. पिसोरी आत धावली. बाहेर काय चाललंय, हे तिला कळलंच नाही. पाडसाचं डोकं तिने आपल्या मानेखाली दाबून धरलं होतं, आणि तिला ऐकू येत होता फक्त त्याचा श्वास. होता. नव्हता. होता.

बाहेर कोणी गलका केला नाही. गलक्याने ठरवायची लाजच वाटली असावी. गुहेच्या दारासमोरच एक बारीक ओहळ आहे, आणि सभा त्याच्या पलीकडच्या काठावर बसली होती. गवा उठला आणि ओहळ ओलांडून गुहेच्या बाजूला येऊन उभा राहिला. मग चितळं आली. रानडुकरं आली. साळिंदर “माझा दात तसाही दुखतोच आहे” असं पुटपुटत आलं. सगळे आले नाहीत. मोर पिसारा सावरत निघून गेला, आणि दोन-तीन वानरंही गेली. पण पुरेसे आले. मग कासव, जे मागच्या पुनवेला निघालं होतं, तेही नेमकं त्याच वेळी पोचलं. तोंडात वाळलेलं पान होतं. सभा कसली आहे हे न विचारता त्याने ते गुहेत नेऊन ठेवलं.

पाडस जगलं. अस्वलीण जखम भरेपर्यंत जागची हलली नाही. तिच्यापुढे घास येत राहिले. पण उशीर झाला होता तो झालाच होता. पाडसाचा तो पाय कायमचा जरा वर राहिला. इतर पिसोऱ्या धोका दिसला की पापणी लवायच्या आत नाहीशा होतात. ह्याला तेवढं जमत नाही. पिसोरी अजूनही ते झोपलं की नाक लावून बघते. पान हललं की आता ती त्याच्या आणि जंगलाच्या मध्ये येऊन उभी राहते.

पुढच्या पुनवेला एका घरचा घास आला नाही. कोणाचा, ते तुम्ही ओळखलंच असेल. कुत्र्यांनी वाट दाखवली. अस्वलीण बिळाच्या तोंडाशी जाऊन बसली आणि मोठ्या मायेने म्हणाली, “बाहेर ये रे बाळा. जीभ दाखव.” कोल्हा मर्जी, स्वातंत्र्य, खंडणी असं बरंच काही बोलत होता, पण तोंडात गुळवेल असल्यामुळे कोणाला नीट समजलं नाही. तिसऱ्या दिवशी तो तोंडात जांभळं धरून स्वतःच्या पायांनी गुहेत आला. आता मनापासून आणली होती की नाही, ते विचारायची कोणाला गरज वाटली नाही. जांभळं गोड होती. तरसाने ती खाल्ली.

तात्पर्य : हे सगळं गुहेच्या दाराशी ऊन खात पडलेल्या घोरपडीने पाहिलं होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली, “बरं असताना जो घास जड वाटतो, तो आजारी पडल्यावर गोळा करता येत नाही. म्हणून तो सगळ्यांनी आणायचाच. आणि ज्याचा आला नाही, त्याच्याकडे आधी शिक्षा करायला नाही, बघायला जायचं. एवढं साधं होतं. त्यासाठी एका लेकराचा पाय घालवायची काय गरज होती?”